सोलापुरातून वादळग्रस्तांना मदत: फोटो काढण्यापासून पोच दाखवण्यापर्यंत

सोलापूर समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून जास्त आत. त्यामुळे चक्रीवादळाची बातमी आली की ते कोकणाचं किंवा ओडिशाचं संकट वाटतं. पण बंगालच्या उपसागरात तयार झालेली कमी दाबाची प्रणाली १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आली, तेलंगण आणि कर्नाटक ओलांडून दुसऱ्या दिवशी आपल्या जिल्ह्यावर येऊन ठेपली आणि पंढरपुरात पाणी शिरलं. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने रायगडचा किनारा झोडपला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळ आणि सोलापूरलगतच्या गावांची दैना केली. मदत देणं आणि मदत मागणं, दोन्ही सोलापूरकरांच्या वाट्याला येतं.

अशा वेळी ज्याच्या हातात कॅमेरा किंवा बरा फोन आहे, त्याच्यासाठी ही माहिती आहे. स्टुडिओवाले, मंडळाचे कार्यकर्ते, महाविद्यालयातली मुलं, संस्थांचे स्वयंसेवक, सगळ्यांनाच ती उपयोगी पडेल. फोटो बघून माणूस हळहळतो, पण खिशात हात घालण्याआधी त्याला तीन गोष्टी कळाव्या लागतात: नेमकं काय हवं आहे, माझ्या पाचशे रुपयांत त्यातलं किती होईल, आणि ते पोचलं हे मला कुठे दिसेल. या तिन्ही गोष्टी फोटोतून सांगता येतात. त्यासाठी फोटो आधी ठरवून काढावे लागतात.

आधी खातं, मग कॅमेरा

पैसे कुठे जमा होणार हे ठरल्याशिवाय एकही फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मुख्यमंत्री सहाय्यता निधी किंवा आधीपासून नोंदणी असलेली, त्या भागात प्रत्यक्ष काम करणारी संस्था. तुमची मोहीम लोकांना तिकडे वळवेल आणि पैसा तुमच्या हातातून जाणारच नाही. स्वतःच्या किंवा मित्राच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कधीही देऊ नका. हेतू कितीही स्वच्छ असला तरी चार दिवसांनी कोणीतरी हिशेब विचारतं, आणि तेव्हा घरखर्चाचे आणि मदतीचे पैसे एकाच पासबुकात मिसळलेले असतात.

नोंदणी नसलेल्या मंडळाला किंवा गटाला वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सवासाठी मंडळं जी परवानगी घेतात तीच ही, त्यामुळे बहुतेक मंडळांत कागदपत्रं जुळवणारा एकजण असतोच. परदेशातल्या नातेवाइकांना, म्हणजे तिथलं नागरिकत्व घेतलेल्यांना, क्यूआर पाठवण्याआधी संस्थेकडे परदेशी देणगी घेण्याची एफसीआरए नोंदणी आहे का ते विचारा. नसेल तर ती देणगी घेता येत नाही. देणगीवरची आयकर सवलत (८०जी म्हणतात ती) जुन्या करप्रणालीतल्या करदात्यालाच मिळते आणि २००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही. हे फलकावर एका ओळीत लिहिलं की पावतीच्या टेबलावरचे अर्धे प्रश्न संपतात.

काय टिपायचं

वादळाचे फोटो काढायला गेलेला प्रत्येकजण आधी आडवी झालेली झाडं आणि उडालेली छपरं काढतो. तेही हवेत, पण चार पुरे. त्याच्या पुढचे फोटो महत्त्वाचे.

नुकसानीला माप द्या. सीनेकाठी माती खरवडून गेलेलं शेत फोटोत नुसतं दगडगोट्यांचं मैदान दिसतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. तिथे शेतकऱ्याला जुन्या मातीच्या काठावर उभं करा आणि बाजूने, खाली बसून फोटो घ्या, म्हणजे किती फूट माती गेली ते त्याच्या गुडघ्याशी ताडून कळतं. घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ असते. तिच्याशेजारी घरातलं माणूस उभं राहिलं की एका फोटोत सगळं येतं. कोकणातली नारळ-सुपारीची बाग पडली असेल तर फोटोखाली लिहिलंच पाहिजे की नवीन रोप लावून फळ धरायला साधारण पाच ते सात वर्षं जातात. इथल्या माणसाला डाळिंबाची बाग गेली म्हणजे काय ते कळतं, सुपारीचं कळत नाही. ते समजावून सांगणं फोटो काढणाऱ्याचं काम आहे.

त्यानंतर गरजेचा फोटो. ‘मदत करा’ म्हणण्यापेक्षा एक वस्तू दाखवा: फाटकी ताडपत्री अंथरलेलं छप्पर, मोडकी चूल, चिखलाने भरलेली वह्या-पुस्तकं, ओलं झालेलं धान्य. एका फोटोत एकच गरज. ताडपत्री, पत्रे, चादरी, औषधं आणि शैक्षणिक साहित्य सगळं एकाच चित्रात कोंबलं की बघणाऱ्याचा कशावरच जीव बसत नाही.

एका कुटुंबावर लक्ष केंद्रित करा, याला अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकेत डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांच्या हातात पाच डॉलर होते. फक्त दुष्काळाची आकडेवारी वाचलेल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, एका मुलीचा फोटो आणि माहिती मिळालेल्यांनी २.३८ डॉलर दिले. मुलगी आणि आकडेवारी दोन्ही एकत्र दाखवली तेव्हा रक्कम १.४३ वर आली. म्हणून पहिल्या चित्रावर एक घर, एक माणूस, एक गरज. तालुक्यात किती घरं पडली, किती हेक्टर गेलं हे दुसऱ्या किंवा तिसऱ्या चित्रात. पैसे मात्र त्या एका घरासाठी नसून गावासाठी आहेत, हे त्याच पहिल्या मजकुरात स्वच्छ लिहा. नाहीतर देणारा त्या कुटुंबाला किती मिळाले असं विचारतो आणि गावात त्या कुटुंबावर रोष येतो.

तिसरा प्रकार कामाचा: पत्रे चढवणारी माणसं, शिधा भरणाऱ्या बाया, चादरींचे गठ्ठे मोजणारी पोरं. हे फोटो कंटाळवाणे वाटतात म्हणून कोणी काढत नाही, पण दुसऱ्यांदा देणगी देणारा माणूस याच फोटोंवर देतो.

माणसाला विचारून

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचा सापळा झालेल्या माणसांना ओळीने बसवून फोटो काढले. त्या दुष्काळात सोलापूर जिल्हाही होरपळला होता. हूपरवर तेव्हाच टीका झाली की त्याने माणसं मांडली, फोटो घेतले आणि त्यांच्यासाठी काही केलं नाही. दीडशे वर्षं होत आली, तरी मदतीच्या फोटोंत तोच दोष पुन्हा पुन्हा दिसतो.

ज्याचं घर गेलं आहे तो माणूस ‘नको’ म्हणू शकत नाही, कारण त्याला वाटतं की नाही म्हटलं तर मदत मिळणार नाही. म्हणून आधी वाटप, मग फोटो. दोन्हीची माणसंही वेगळी ठेवा: शिधा देणाऱ्याच्या गळ्यात कॅमेरा नको. विचारताना पूर्ण वाक्यात विचारा: “मावशी, हा फोटो सोलापुरात, मोबाईलवर, पेपरात लोकांना दिसेल. तुमचं नाव लिहू का नको? फोटो नको असेल तर तसं सांगा, शिधा तुम्हाला मिळालाच आहे.” काढल्यावर स्क्रीनवर दाखवा. मान हलवली तर लगेच पुसून टाका, त्यांच्यासमोर. सीमेलगतच्या गावांत कानडी बोलणारा एकजण बरोबर ठेवा. घाईत मराठीत विचारलेल्या प्रश्नाला दिलेला होकार खरा होकार नसतो.

काही गोष्टी काढायच्याच नाहीत. आंघोळ, झोप, कपडे बदलण्याची आडोशाची जागा. मृतदेह. रडणाऱ्या माणसाच्या तोंडाशी नेलेला कॅमेरा. दुःखी चेहऱ्याला जास्त देणगी मिळते असं अभ्यास सांगतात, आणि तरीही आमचं मत ठाम आहे: बघणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देणारा, हातात काम असलेला माणूस दाखवा. तो उद्या याच बाजारात भाजी विकायला उभा राहणार आहे. आई-वडील गमावलेल्या किंवा एकट्या पडलेल्या मुलाचा चेहरा, नाव, शाळा, गाव यातलं काहीही देऊ नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई आहे. वह्या वाळत घातलेले हात, दप्तर, चपला, एवढ्यावरही शाळेच्या साहित्यासाठी निधी जमतो.

जाताजाता एक काम आवर्जून करावं. ज्या घरात फोटो काढाल त्या घराला नुकसानीचे साधे, लांबून घेतलेले, तारीख असलेले फोटो पाठवून द्या. पंचनाम्याच्या वेळी त्यांना उपयोग होतो. आणि त्यांचे लग्नाचे जुने फोटो चिखलात सापडले तर एकमेकांना चिकटलेले ओढून सोडवू नका. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवा, आपोआप सुटू द्या, चित्राच्या बाजूवर बोट न लावता सावलीत चित्र वर करून वाळवा.

फोन हातात घेतल्यावर

भारीतला कॅमेरा लागत नाही. बहुतेक फोटो बिघडतात ते तीन-चार ठरलेल्या कारणांनी.

पावसाळी आकाश पांढरं असतं आणि फोन त्यालाच धरून उजेड मोजतो, मग माणूस काळा पडतो. चेहऱ्यावर बोट टेकवा, सूर्याची खूण थोडी वर सरकवा, किंवा माणसाला असं उभं करा की मागे आकाशाऐवजी भिंत येईल. फ्लॅश बंद ठेवा. पावसाचे थेंब आणि धुकं उजळून चित्रावर पांढरे ठिपके पडतात. ०.५ची रुंद लेन्स घरासाठी ठीक, माणसासाठी नाही. कडेचे चेहरे ताणले जातात. माणसासाठी १ किंवा २ वापरा आणि दोन पावलं मागे जा. बसलेल्या माणसाचा फोटो उभ्याने घेतला की तो केविलवाणा दिसतो, म्हणून तुम्हीही खाली बसा. कॅमेरा असेल तर चालत्या कामासाठी शटर १/२५० सेकंद, छपराखाली आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनक्षमता) १६०० पर्यंत बिनधास्त जा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

लेन्स पुसायला सुती कापड खिशात, फोन झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, पॉवर बँक भरलेली. वीज दोन दिवस नसते हे गृहीत धरा. प्रत्येक प्रसंग आडवा आणि उभा दोन्ही घ्या: वर्तमानपत्राला आडवा लागतो, स्टेटसला उभा. लोकेशन सुरू ठेवून मूळ फोटो काढा, कारण नंतर पुरावा म्हणून ते लागतं, पण पाठवताना घरांचं नेमकं ठिकाण काढून टाका.

ड्रोनचा मोह आवरा. बचावकार्यासाठी हेलिकॉप्टर फिरत असताना ड्रोन उडवणं धोक्याचं आहे आणि होटगी रोड विमानतळाच्या परिसरात हवाई क्षेत्राची बंधनं आहेत. पाण्याच्या टाकीवरून किंवा शाळेच्या गच्चीवरून घेतलेला फोटो बहुतेक वेळा पुरतो.

जुना फोटो, बनावट फोटो

२०१७ मध्ये अमेरिकेत हार्वे चक्रीवादळ आलं तेव्हा पाण्याखालच्या रस्त्यावर पोहणाऱ्या शार्कचं बनावट चित्र पुन्हा फिरलं. ते त्याआधीच्या वादळांतही फिरलेलं होतं. २०२४ च्या हेलीन वादळानंतर होडीत कुत्र्याचं पिल्लू छातीशी धरून रडणाऱ्या मुलीचं चित्र लाखोंनी पाहिलं, आणि ते यंत्राने बनवलेलं निघालं. अशा चित्रांमुळे खरा फोटोही लोक संशयाने पाहायला लागतात. आपल्याकडेही पूर आला की २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीचे फोटो नव्या गावाच्या नावाने फिरतात.

तुमच्याकडे आलेला फोटो वापरण्याआधी गुगल लेन्समध्ये टाकून बघा. पाठवणाऱ्याला मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागा. व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने आलेल्या फोटोतून तारीख-ठिकाणाची माहिती गळून पडलेली असते, त्यामुळे तो तपासता येत नाही. मूळ फाइल मिळत नसेल तर तो फोटो सोडून द्या, कितीही बोलका असला तरी. संपादनात उजेड, कातर (क्रॉप), वाकडं क्षितिज सरळ करणं एवढंच. ढग गडद करणं, मधला विजेचा खांब पुसणं, कृत्रिम बुद्धिमत्तेने कडा वाढवणं यातलं काहीच नको. एका गावकऱ्याने “आमच्याकडे असं नव्हतं” म्हटलं की मोहीम संपली.

मजकूर, क्यूआर आणि वेळ

फोटोखाली पाच गोष्टी: गाव व तालुका, तारीख, फोटोत काय दिसतं, काय हवं आहे व एकाची किंमत, पैसे कोणाकडे जाणार. उदाहरणार्थ: “... गाव, ता. मोहोळ, २५ सप्टेंबर. पुराच्या पाण्यात अंथरूण-पांघरूण गेलं. एका घराला दोन चादरी आणि एक ताडपत्री. एका घराचा खर्च ... रुपये. देणगी थेट ... संस्थेच्या खात्यात.” रिकाम्या जागी दुकानदाराचं खरं कोटेशन टाका, अंदाज नको. सोलापूरला याचा फायदा आहे: चादर, टॉवेल इथेच बनतात, कारखानदाराकडून घाऊक भाव लेखी मिळतो. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी टिकाऊ असल्याने वाटेतल्या शिध्यासाठी उत्तम. त्याचा फोटो घेताना पाकिटावरची बनवल्याची तारीख दिसली पाहिजे.

शहराच्या तेलुगुभाषक पूर्व भागात तोच मजकूर तेलुगूतही द्या. भाषांतर यंत्रावर सोडू नका, तिथल्याच एखाद्या शिक्षिकेला वाचायला द्या.

क्यूआरचा नियम साधा आहे: ज्या अंतरावरून स्कॅन करायचं त्याच्या एक दशांश रुंदी. हात लांब करून स्कॅन होणाऱ्या पत्रकावर ४ सेंटिमीटर चालतो, दोन मीटरवरून बघायच्या फलकावर २० सेंटिमीटर हवा. भोवती पांढरी मोकळी पट्टी सोडा, फोटोवर क्यूआर चिकटवू नका, रंग उलटे करू नका. चकचकीत लॅमिनेशनवर उन्हाची तिरीप पडून कोड वाचला जात नाही, म्हणून मॅट घ्या. क्यूआरखाली “स्कॅन केल्यावर हे नाव दिसेल” असं लिहून खात्याचं नाव छापा. आणि बाजारात लावलेला फलक रोज सकाळी स्वतः स्कॅन करा, कारण वरून दुसऱ्याचा स्टिकर चिकटवण्याचे प्रकार होतात.

चित्राचा आकार इन्स्टाग्रामसाठी १०८० × १३५० पिक्सेल, स्टेटससाठी १०८० × १९२०. चित्रावरचे आकडे आणि अक्षरं मोठी ठेवा. आपली आई चष्मा न लावता वाचू शकेल, एवढी. पहिलं आवाहन घटनेनंतर दोन दिवसांत गेलं पाहिजे. नंतर बातम्या बदलतात. दुसरं आवाहन पगार झाल्यावर, महिन्याच्या ७ ते १० तारखेदरम्यान. रोज नवा रडका फोटो टाकत राहिलात तर लोक ग्रुप म्यूट करतात. आठवड्याला दोन पुरे, त्यातला एक काम झाल्याचा.

फोटोच्या बदल्यात देणगी: शिबिर आणि प्रिंट

सोलापुरात सर्वांत चांगला चालण्यासारखा प्रकार हाच, आणि त्याला पूरग्रस्त गावात जावंही लागत नाही. कुटुंबाचा फोटो काढून द्यायचा, बदल्यात देणगी घ्यायची. आजी-आजोबांसकट सगळ्यांचा नीट काढलेला फोटो बऱ्याच घरांत नसतो. मोबाईलवर हजार फोटो असतात आणि भिंतीवर एकही नसतो.

जागा अशी निवडा जिथे उत्तरेकडचा उजेड मोकळा येतो: शाळेचा व्हरांडा, मंगल कार्यालयाची पडवी. थेट ऊन नको. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, फोन आणि कॅमेरे तापून बंद पडतात, शिवाय घामाने लोकांचे चेहरे चकाकतात. शिबिर सकाळी ७ ते १० ठेवा. मागे पडद्याला साधं, बिनछापाचं सुती कापड, राखाडी किंवा फिकट मातकट, किमान ३ मीटर रुंद. नक्षीची सोलापुरी चादर पडदा म्हणून लावायचा मोह होतो, पण तिच्या ठळक नक्षीत चेहरे हरवतात. ती मांडीवर किंवा बाकावर टाका, तिथे छान दिसते.

माणसं पडद्यापासून दीड मीटर पुढे, म्हणजे सावल्या पडद्यावर पडत नाहीत. एकट्याला ५० मिमी लेन्स, एफ ४ (लेन्स किती उघडी ठेवायची त्याचा आकडा). दोन ओळींतल्या कुटुंबाला एफ ८, फोकस पुढच्या ओळीच्या डोळ्यांवर, शटर १/१२५, आयएसओ गरजेप्रमाणे. उजेड एका बाजूने कमी पडत असेल तर थर्माकोलचा पांढरा तक्ता त्या बाजूला उभा करा. फोनवर २चा झूम आणि अडीच मीटर अंतर. प्रत्येकी पाच-सहा फोटो घ्या, कारण सहा जणांत एकाचे तरी डोळे मिटलेले असतात.

गोंधळ फोटोत होत नाही, नोंदीत होतो. त्यावर उपाय:

१. दारातल्या टेबलावर देणगी, पावती आणि मोबाईल क्रमांक. पावतीचा क्रमांकच टोकन.
२. प्रत्येक कुटुंबाचा पहिला फोटो टोकन हातात धरून. पुढचे सगळे फोटो त्याचे, हे नंतर बघताच कळतं.
३. कुटुंबाने तिथेच एक फोटो निवडायचा. घरी जाऊन निवडतो म्हणाले तर काम महिनाभर लांबतं.
४. निवडलेली फाइल त्याच संध्याकाळी, डॉक्युमेंट म्हणून, पावती क्रमांकासह.

एका कुटुंबाला पाच-सहा मिनिटं धरा, तासाला दहा. त्याहून जास्त टोकन दिलीत तर रांग वाढते, लहान मुलं किरकिरतात आणि फोटो बिघडतात.

तिथल्या तिथे ४×६ छापायचा असेल तर डाय-सब्लिमेशनचा (रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरवणारा) छोटा प्रिंटर भाड्याने घ्या. इंकजेटची शाई घामट बोटांनी पसरते. कागद-रिबनचा एक संच जास्तीचा ठेवा, मध्येच संपला तर दुकान उघडण्याची वाट बघावी लागते. छपाईचा खर्च एखाद्या लॅबने उचलला आणि “तुमची पूर्ण देणगी निधीत जाते” असं फलकावर खरोखर लिहिता आलं, तर लोक सढळ हाताने देतात. नसेल उचलला तर खर्च वजा होतो हेही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहा.

रोख पेटी कुलूपबंद, किल्ली दुसऱ्या माणसाकडे. मोजताना दोघं, रकमेच्या कागदावर दोघांच्या सह्या, त्या कागदाचा फोटो त्याच रात्री सगळ्यांना.

दुसरा प्रकार भिंतीवर लावायच्या प्रिंट विकण्याचा. इथे वादळाचे फोटो विकायला ठेवू नका. पडलेलं घर कोणी बैठकीच्या खोलीत लावत नाही, आणि लावूही नये. सिद्धेश्वर तलावातलं देवळाचं प्रतिबिंब, गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज, भुईकोट किल्ल्याची तटबंदी, उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी, नान्नजचं माळरान आणि काळवीट, हातमागावर बसलेले विणकर आजोबा त्यांच्या परवानगीने: हे सोलापूरकर आणि बाहेरगावी गेलेला सोलापूरकर आनंदाने घेतो. पाच-सहाच चित्रं निवडा. पंचवीस मांडलीत तर माणूस बघत राहतो आणि काहीच घेत नाही.

८×१२ इंचाला २४००×३६०० पिक्सेल हवेत. १२×१८ला तितक्यात काम भागतं, लांबून बघायचं असल्याने. फोनचा फोटो ४:३ असतो आणि हा कागद ३:२, तेव्हा छापण्याआधी कातर स्वतः ठरवा, नाहीतर लॅबचं यंत्र कळस कापतं. फाइल एसआरजीबी (फोन आणि स्क्रीनवर सर्रास वापरली जाणारी रंगपद्धत) रंगात द्या. आधी एकच नमुना काढून दिवसाच्या उजेडात बघा, स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा तो जरा काळा येतोच. मागच्या बाजूला स्टिकर: कुठला फोटो, कोणाच्या मदतीसाठी, पावती क्रमांक. आगाऊ पैसे घेऊन मगच छापा, म्हणजे न खपलेल्या प्रिंटचा खर्च निधीच्या बोकांडी बसत नाही.

पोच

साहित्य निघताना, गाडीत चढताना आणि गावात उतरताना, तिन्ही वेळा फोटो घ्या आणि तिन्हींत संख्या लिहिलेली पाटी दिसू द्या: चादरी इतक्या, ताडपत्र्या इतक्या. संख्या कमी-जास्त झाली असेल तर कारणासह तसंच लिहा. पंधरा हात पुढे करून एका म्हातारीला पिशवी देतानाचा फोटो टाळा. त्याऐवजी आठ-दहा दिवसांनी परत जा आणि चढवलेल्या पत्र्याखाली पेटलेली चूल, वाळलेली वही, अंथरलेली चादर टिपा. खरेदीच्या बिलाचा फोटो (दुकानदाराचा फोन नंबर झाकून) आणि एकूण जमा-खर्चाचा एक तक्ता देणगीदारांच्या त्याच ग्रुपवर टाका, जिथे मागितलं होतं तिथेच. ज्या कुटुंबाचे फोटो वापरले त्यांना त्यांचा एक छापील फोटो पाठवा.

उद्दिष्ट पूर्ण झालं की क्यूआरचे फलक त्याच दिवशी उतरवा आणि जुन्या पोस्टवर “निधी पूर्ण, आता देणगी नको” असं लिहा. फॉरवर्ड झालेलं चित्र मात्र परत बोलावता येत नाही, ते पुढच्या पावसाळ्यातही फिरतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी प्रत्येक आवाहनाच्या चित्रावर, क्यूआरच्या अगदी लगत, शेवटची तारीख छापून टाका.